समुद्रकाठचे गाव आणि महाभांडार

संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेत दुकानदारीवर लेख कशासाठी, असे काही वाचकांच्या मनात येईल. आपल्या न्यासाची देणगीदारांची जुनी वही ज्यांनी चाळली आहे, त्यांना मात्र याचे कारण सांगावे लागणार नाही. किराणा, भुसार, कापड, भांडी, चपला, सुकी मासळी अशा लहान लहान धंद्यांतून आलेल्या अकरा, एकवीस, एक्कावन्न रुपयांनी त्या वहीची पाने भरलेली आहेत. मोठ्या देणग्या नंतर आल्या. पहिल्या शिष्यवृत्त्या दिल्या गेल्या त्या बाजारपेठेतील गल्ल्यांतल्या पैशावर. म्हणून या गल्ल्यांचे पुढे काय होणार, हा प्रश्न आपल्या संस्थेला परका नाही.

अलीकडे किनाऱ्याकडील गावांतून दर हंगामात एखादी वार्ता उठते, की अमुक रस्त्यालगत मोठे भांडार येत आहे. ती कधी खरी निघते, कधी खोटी. परंतु प्रत्येक वेळी गावात दोन तट पडतात आणि दोन्हींकडून आवेशाने बोलले जाते. माहिती मात्र दोघांकडेही थोडीच असते. असे भांडार चालते कसे, गावाच्या पैशाचा ओघ ते कोणीकडे वळवते आणि गावाला त्यात काही बोलावयास वाव असतो की नाही, एवढेच येथे सांगावयाचे आहे. उदाहरणासाठी आम्ही इंग्लंडातील एक लहानसे समुद्रकाठचे गाव घेतले आहे. गाव दूरचे असले, तरी तेथे हा वाद १९९६ ते २०१३ इतका दीर्घकाळ चालला आणि त्याचे टप्पे कागदोपत्री उघड आहेत.

प्रथम महाभांडार म्हणजे काय ते पाहू. एकमजली, खिडक्या नसलेली, खोक्यासारखी इमारत; आत धान्यापासून चड्डी-बनियनपर्यंत सर्व माल; बाहेर इमारतीहूनही मोठा मोटारतळ. अमेरिकेत सॅम वॉल्टन यांनी १९६२ साली आर्कान्सा राज्यातील रॉजर्स या लहान गावी वॉलमार्टचे पहिले दुकान उघडले आणि पुढे या पद्धतीचा जगभर बोलबाला झाला. इंदूर, वडोदरा, हैदराबाद येथील आपल्या आप्तांना डी-मार्ट ठाऊक आहेच. त्याचे पहिले दुकान २००२ साली मुंबईत पवई येथे निघाले.

स्वस्ताईचे रहस्य एकच नाही. माल थेट कारखान्यातून आणि गाडीगणिक घेतला जातो, मधले दोन-तीन हात सुटतात. गिऱ्हाईक आपणच माल उचलतो, त्यामुळे नोकर कमी लागतात. साखर, तेल, दूध यांसारख्या ज्यांचे भाव प्रत्येक गृहिणीला तोंडपाठ असतात, त्या जिनसा अगदी थोड्या नफ्यावर, प्रसंगी तोटा खाऊनही विकल्या जातात, आणि ज्यांचे भाव कोणी लक्षात ठेवीत नाही अशा शेकडो वस्तूंवर ती तूट भरून निघते. यात लबाडी आहे असे आमचे म्हणणे नाही. आपला किराणावालाही नारळ स्वस्त देऊन मसाल्यावर कमावतोच. फरक प्रमाणाचा आहे, आणि प्रमाण वाढले की गोष्टीचा गुणधर्मही बदलतो.

आता त्या गावाकडे वळू. शेरिंगहॅम हे इंग्लंडच्या पूर्वेस, नॉरफोक परगण्यात, उत्तर समुद्राच्या काठी वसलेले आहे. वस्ती सुमारे सात हजारांची. किनारा गोट्यांचा, ओहोटीला वाळू उघडी पडते. पूर्वी मासेमारीवर गावाचे पोट होते. त्या किनाऱ्याचे खेकडे अजूनही प्रसिद्ध आहेत. रेल्वे आल्यानंतर हवापालटासाठी येणाऱ्यांची गर्दी वाढली आणि आज गावाची उपजीविका बव्हंशी पाहुण्यांवर चालते. जुन्या वाफेच्या इंजिनाची हौशी रेल्वे गावातून होल्टकडे जाते, ती पाहावयास मुलेबाळे येतात. स्टेशनापासून समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर खाटीक, पाववाला, मासळीवाला, लोखंडी सामानाचा दुकानदार अशी घरगुती दुकाने होती. म्हापशाचा बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना चित्र पुरते कळेल. फक्त आरडाओरडा वजा करावा.

अशा गावात टेस्को या ब्रिटनमधील सर्वांत मोठ्या भांडार-कंपनीने १९९६ च्या सुमारास दुकान काढण्याची खटपट सुरू केली. या कंपनीचा उगम मोठा मौजेचा आहे. जॅक कोहेन नावाच्या तरुणाने १९१९ साली पूर्व लंडनच्या बाजारात लष्करातून उरलेला माल एका मांडवावर विकावयास घेतला, तेव्हापासून तिची सुरुवात धरतात. टी. ई. स्टॉकवेल या चहाच्या व्यापाऱ्याची आद्याक्षरे आणि कोहेन यांच्या नावाची पहिली दोन अक्षरे मिळून १९२४ साली ‘टेस्को’ हे नाव झाले. आज ज्या फेरीवाल्यांना हुसकावले जाते, त्यांच्यापैकीच एकाचा हा वंशविस्तार आहे.

इंग्लंडात कोणासही आपल्या जमिनीवर वाटेल ते बांधता येत नाही. स्थानिक परिषदेची नियोजन-परवानगी लागते. अर्ज आला की तो जाहीर होतो, कोणीही नागरिक लेखी हरकत वा पाठिंबा कळवू शकतो, आणि निवडून आलेले सभासद निर्णय देतात. निर्णय प्रतिकूल गेला तर अर्जदारास सरकारी नियोजन-निरीक्षकाकडे दाद मागता येते. शेरिंगहॅमच्या लोकांनी या प्रत्येक पायरीचा उपयोग केला. २००३ साली रीतसर अर्ज आला. २००५ साली जिल्हा परिषदेने तो फेटाळला. कंपनी अपिलात गेली. उघड चौकशी होऊन २००८ साली ते अपीलही फेटाळले गेले. दरम्यान एक गोष्ट बाहेर आली, ती अशी की, या जागेच्या बाबतीत परिषद आणि कंपनी यांच्यामध्ये अगोदरच एक करार झाला होता आणि गावाला त्याचा पत्ता नव्हता. जो न्याय करणार त्याचाच व्यवहारात हात, हे पाहून तटस्थ लोकही चिडले. आमच्या मते या सर्व प्रकरणात सर्वांत वाईट दिसली ती हीच गोष्ट, भांडार नव्हे.

पुढे एक चमत्कारिक वळण लागले. स्थानिक मंडळींकडून प्रतियोजना पुढे आली, की भांडार हवेच असेल तर ते दुसऱ्या जागी, पर्यावरणास जपणारे असावे, आणि त्यासोबत स्वयंपाक व अन्न यांचे शिक्षण देणारी शाळाही असावी. २०१० च्या मार्चमध्ये परिषदेच्या समितीने या योजनेच्या बाजूने कौल दिला. परंतु त्याच वर्षी ऑक्टोबरात पारडे फिरले आणि टेस्कोला परवानगी मिळाली. २०१३ साली दुकान उघडले. हकीकत एवढीच.

विरोध करणारे तेवढे गावाचे हितचिंतक आणि बाकीचे कंपनीचे बगलबच्चे, असे समजणे अन्यायाचे होईल. शेरिंगहॅममध्ये निवृत्त माणसे पुष्कळ. ज्यांच्याकडे मोटार होती ते शेजारच्या क्रोमरला जाऊन तेथील मोठ्या भांडारातून आठवड्याचा बाजार आणीत. ज्यांच्याकडे नव्हती, त्यांनी बसची वाट पाहावी किंवा गावात चढा भाव द्यावा. चार मुलांच्या आईला डाळीतांदळाच्या पिशवीमागे वाचणारे पंधरा रुपये ही चैनीची बाब नसते, मग ती नॉरफोकात असो वा बार्देशात. ज्यांना महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात हिशेब करावा लागत नाही, त्यांनी तिला ‘स्थानिक व्यापार टिकवा’ असा उपदेश करताना जपून बोलावे.

तरीही भीती निराधार नव्हती. १९९८ साली ब्रिटिश सरकारने बाजारगावांवर मोठ्या भांडारांचा काय परिणाम होतो याची पाहणी प्रसिद्ध केली. गावाच्या मध्यभागापासून दूर वा कडेला भांडार आले, तेव्हा मुख्य पेठेतील खाद्यपदार्थांच्या दुकानांचा धंद्यातील वाटा १३ पासून ५० टक्क्यांपर्यंत घटल्याचे तीत नमूद आहे. पाहिलेल्या गावांपैकी फेकनहॅम हे तर नॉरफोकातलेच. शेरिंगहॅमच्या लोकांना ते डोळ्यांसमोर होते. याच्या उलट, २०१० साली साउदम्प्टन विद्यापीठातील अभ्यासकांनी असे दाखविले, की भांडार पेठेला लागून, चालत जाण्याच्या अंतरावर असले तर गिऱ्हाइके तेथे येतात आणि तशीच पुढे पेठेतही फिरतात. शिवाय जे खरेदीसाठी बाहेरगावी जात ते गावातच राहतात. (या अभ्यासास टेस्कोचे अर्थसाहाय्य होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे, तेवढ्याने तो खोटा ठरत नाही.) दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले म्हणजे कळते, की भांडार किती मोठे याच्याइतकेच ते कोठे उभे आहे याला महत्त्व आहे. पेठेपासून पाच मिनिटांवरचे भांडार शेजारी होऊ शकते. तीन मैलांवर, फुकट मोटारतळासह उभे राहिलेले भांडार गावाचे गिऱ्हाईक उचलून नेते.

पैशाच्या ओघाबद्दल आमच्या वर्गातील मुलांना समजावतो तसे सांगतो. गावातील दुकानदाराला तुम्ही शंभर रुपये दिलेत, तर त्यांतील काही तो बाहेरच्या घाऊक व्यापाऱ्याला देतो; पण काही गावच्या गवंड्याला, शिंप्याला, गाडीवानाला, मुलाच्या शिकवणीला आणि, आपल्या सुदैवाने, न्यासाच्या पावतीपुस्तकाला जातात. तेथून त्यांतले काही पुन्हा गावातच फिरतात. महाभांडारात दिलेल्या शंभरांतून नोकरांचा पगार गावात राहतो. बाकीचे त्याच रात्री मुख्य कचेरीच्या खात्यात जमा होतात. लंडनच्या ‘न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशन’ या संस्थेने २००१ च्या सुमारास कॉर्नवॉल या दुसऱ्या किनारी परगण्यात भाजी पुरविणाऱ्या एका स्थानिक शेतीव्यवसायाचा हिशेब मांडला होता. तेथे खर्चलेल्या १० पौंडांतून परिसरात २५ पौंडांची उलाढाल झाली. महाभांडारात खर्चलेल्या १० पौंडांतून १४ पौंडांची. आकडा प्रत्येक गावी निराळा येईल, गणिताची रीत मात्र हीच.

माल पुरविणाऱ्यांचेही या हिशेबात आले पाहिजे. ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने २००८ साली असा निष्कर्ष काढला, की मोठी भांडारे आपल्या पुरवठादारांवर अवाजवी जोखीम लादतात, करार मागाहून बदलतात. त्यावरून २०१० साली आचारसंहिता लागू झाली आणि २०१३ साली तिच्यावर देखरेख करणारा अधिकारी नेमला गेला. त्याच कार्यालयाने २०१६ साली पुरवठादारांचे पैसे अडवून ठेवल्याबद्दल टेस्कोवर ठपका ठेवला. तसेच आपली जमीन प्रतिस्पर्ध्याला मिळू नये म्हणून घातलेल्या बेकायदा अटींबद्दल २०२० मध्ये पुन्हा ठपका आला. अशी २३ प्रकरणे निघाली. जेथे एकच मोठा खरीददार उरतो तेथे विकणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. सुपारी, काजू विकणाऱ्या आपल्या बागायतदारांना याचा अर्थ फोड करून सांगावयास नको.

समुद्रकाठच्या गावाची एक खास अडचण आहे, जी आतल्या गावांना नसते. येथे दुकान हे नुसते विक्रीचे ठिकाण नाही; पाहुणा जे पाहावयास येतो त्यांतला तो एक भाग आहे. शेरिंगहॅमला येणारा मनुष्य समुद्र पाहतो तासभर, आणि उरलेला दिवस पेठेत हिंडतो. आपल्याकडेही म्हापशाचा शुक्रवार, हणजुण्याचा बुधवार, पहाटे भोंपू वाजवीत सायकलीवरून येणारा पोदेर, पाटीत बांगडे घेऊन दारी बसणारी नुस्तेंकार बाई, ही मंडळी गावाची रोजची गरज भागवता भागवता पाहुण्यांच्या आठवणीतही जाऊन बसतात. एकाच नकाशाबरहुकूम बांधलेले भांडार त्याच्या स्वतःच्या शहरात आहेच. ते पाहावयास तो इतक्या दूर कशाला येईल? दुसरे असे की, किनाऱ्यावरचा धंदा हंगामी. पावसाळ्याचे चार महिने गल्ला कोरडा असतो. त्या चार महिन्यांत गावच्या दुकानदाराला तग धरून राहावेच लागते, कारण त्याचे घर तेथेच असते. दुकान चालवायचे की बंद करायचे हे दूरच्या शहरातील कचेरीत ठरू लागले, म्हणजे पावसाळ्याचा हिशेब निराळा होतो.

आणि उधारीची वही! चवथीच्या आदल्या आठवड्यात, रमजानच्या अखेरीस, मुलीच्या लग्नाच्या महिन्यात ती वही किती घरांची अब्रू राखते हे दुकानदाराला आणि त्या घरांनाच ठाऊक. अर्थात तिच्यातही काळी बाजू आहे. भाव चढा लावणारे, वजनात मारणारे दुकानदार आम्ही पाहिले आहेत. ‘आपला माणूस’ या नावाखाली शिळा माल खपविणाऱ्याची बाजू घेण्याचा आमचा हेतू नाही. भांडाराच्या भीतीने अशांचे तराजू सरळ होणार असतील, तर तेवढा लाभ पदरात पाडून घ्यावा.

आकाराचेच वावडे धरण्याचेही कारण नाही. फोंड्याच्या गोवा बागायतदार सहकारी खरेदी-विक्री संस्थेचे बाजार गोव्यात ठिकठिकाणी आहेत. तेथेही माल फळ्यांवर मांडलेला असतो, गिऱ्हाईक आपणच उचलतो, भाव छापलेले असतात. परंतु ती सभासद बागायतदारांची संस्था आहे. त्यांची सुपारी-काजू ती घेते, आणि कारभारावर असलेले संचालक सभासदांना वार्षिक सभेत समोरासमोर सापडतात. फलोत्पादन महामंडळाच्या भाजीच्या दुकानांतही बेळगावची भाजी सवलतीने मिळते. म्हणजे स्वस्त, स्वच्छ, मोठ्या प्रमाणावरची विक्री आणि गावाचा ताबा यांची सांगड घालता येते. ती आपोआप पडत नाही एवढेच.

तिकडे सरकार वेळेचेही बंधन घालते. १९९४ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना रविवारी सहाच तास उघडण्याची मुभा आहे. लहान दुकानांना असे बंधन नाही. एक दिवस लहानांसाठी मोकळा ठेवला आहे, असे म्हणाना.

आपल्याकडे स्थिती काय? भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यास १९९१ पासून किनारी नियमन लागू आहे. नियम मधून मधून बदलले, पट्टा तोच राहिला. त्यामुळे महाभांडार वाळूवर येत नाही. ते मागच्या मोठ्या रस्त्यावर, शेताच्या कडेला येते, आणि किनाऱ्यावरच्या लोकांना वाटते की ही त्या दुसऱ्या वाड्याची बाब आहे. वस्तुतः त्यांचेच गिऱ्हाईक जावयाचे असते. जमीन कोणत्या कामासाठी वापरावी हे प्रादेशिक आराखडा ठरवितो. बांधकामास नगरनियोजन खाते व पंचायत यांची परवानगी लागते. लोकांनी मनावर घेतले तर या कागदांनाही हात घालता येतो, हे गोव्याने अनुभवले आहे. प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध गावोगावचे लोक उठले आणि २००७ च्या जानेवारीत सरकारला तो मागे घ्यावा लागला.

मात्र एका भांडाराला यांतील कोणतीच परवानगी लागत नाही. ते खिशातल्या फोनमध्ये असते. २०१८ साली वॉलमार्टने सुमारे १६ अब्ज डॉलर देऊन फ्लिपकार्टचा ७७ टक्क्यांच्या आसपास हिस्सा घेतला. त्यासाठी कोणत्याही ग्रामसभेत चर्चा होण्याचा प्रश्नच नव्हता. त्या दुकानाशी कसा सामना करावा याचे उत्तर शेरिंगहॅमपाशीही नाही.

इमारतीच्या रूपाने येणाऱ्या भांडारापुरते बोलावयाचे तर ग्रामसभेत ‘हवे’ वा ‘नको’ यापलीकडे विचारण्याजोगे पुष्कळ असते. एप्रिल-मे महिन्यात विहिरी आटतात तेव्हा त्याला पाणी कोठून मिळणार? मालाच्या गाड्या शाळा सुटण्याच्या वेळी त्याच अरुंद रस्त्याने येणार काय? कचरा कोण उचलणार? गावची भाजी, गावचे मीठ, गावची कोकमे फळीवर ठेवण्याचे लेखी आश्वासन मिळेल काय? पेठेपासून अंतर किती? हे प्रश्न परवानगी देण्यापूर्वी विचारले तर अटी होतात, नंतर विचारले तर तक्रारी होतात.

अडचण अशी, की या बाबतीतील सूचना पंचायतीच्या फलकावर लागते ती बहुधा इंग्रजीत, आणि तिच्यातील भाषा वकिलांना शोभेलशी असते. मासळी विकणाऱ्या बाईला किंवा पसरकाराला ती वाचता येत नाही. त्यांची मुले आमच्या शाळांतून शिकतात, त्यांना येते. गेल्या वर्षी नागरिकशास्त्राच्या तासाला आम्ही नववीच्या मुलांना फलकावरील कागद उतरवून आणावयास सांगितले आणि त्यांचा मराठीत अर्थ लिहून घेतला. दोन अर्ज दारूच्या परवान्याचे होते, एक विहिरीचा, आणि एक जमिनीचा वापर बदलून मिळण्याबद्दलचा. त्या शेवटच्या अर्जाला हरकत घेण्याची मुदत संपावयास नऊ दिवस राहिले होते. मुलांनी तो तर्जुमा घरी नेला.